नवरा खाणारं फूल

आमच्या गल्लीत ऑर्किडला ‘नवरा खाणारं फूल’ म्हणतात. आठ मार्चला बायकांचा सण, तेव्हा पुरुष ते हौसेनं विकत आणतात, आणि घरी पोचलं की सासवा नाक मुरडतात. झोपायच्या खोलीत ठेवू नका हो, माणसाचं बळ पितं ते! माझ्या घरात कितीतरी वर्षं ऑर्किडं आहेत आणि माझा कासिम अजून दोघांचं जेवतो. त्याला कुणी थोडं प्यायलं असतं तर बरंच झालं असतं.

शेजारच्या तेमिरनं लग्नानंतरच्या पहिल्या सणाला बायकोसाठी पांढरं ऑर्किड आणलं. जिबेक कुंडी छातीशी धरून तडक माझ्याकडे आली. मला ती एजे म्हणते, म्हणजे ताई.

“बुरुल एजे, याला खायला काय घालू?”

“काही नको. कुंडी बादलीत बुडव, निथळू दे, मग विसरून जा. मुळं रुपेरी दिसली की परत बुडव. आणि ती बाहेर लोंबणारी मुळं कापलीस तर हात मोडीन तुझे.”

ती खिदळली. “आणखी?”

“हवा. कोंडलेल्या खोलीत ते रुसतं.”

म्हणून ती रोज दुपारी खिडकीतलं वरचं छोटं तावदान थोडा वेळ उघडायची. नवरा त्याच खिडकीखाली झोपलेला असायचा. तेमिर रात्रभर बिश्केक शहरात टॅक्सी चालवायचा आणि सकाळी येऊन आडवा व्हायचा. कोळशाची भट्टी त्याच खोलीत. त्याची आई, साल्कीन आपा, पोरगं यायच्या आधी भट्टी पेटवायची, आणि कोळसा लालभडक झाला की धुराड्याचं झाकण सरकवून बंद करायची. आम्ही सगळ्याच असं करतो. ऊब काय आभाळाला द्यायची? झाकण किती लवकर सरकवायचं हे मात्र ज्याच्या त्याच्या थंडीवर. आपाला जरा जास्तच थंडी वाजते.

हिवाळ्यात ऑर्किडला दांडा फुटला, कळ्या धरल्या, आणि तेमिरचं डोकं दुखायला लागलं. उठला की मळमळायचं, भिंत धरून चालायचा. गाडीत बसला की तासाभरात पुन्हा ठणठणीत.

“बघ की!” आपा मला कुंपणावरून म्हणाली. “घराबाहेर पडला की बरा. म्हणजे घरात कोण पितंय त्याला?”

“तुझी भाकरी खाऊन होत असेल.”

“थट्टा नको, बुरुल. एकुलता एक आहे माझा.” तिचे डोळे भरले होते. मग मलाच वाईट वाटलं.

कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. आपा म्हणाली, पोट भरलं आता त्याचं, म्हणून टाकतंय. एका रविवारी जिबेक रडत माझ्या दारात आली. हातात कुंडी, दांड्यावर उरलेल्या मोजक्या कळ्या.

“आपा म्हणतात हे तरी जाईल नाहीतर मी तरी.”

“आण इकडे. पिऊन पिऊन माझ्या म्हाताऱ्याचं काय पिणार आहे?”

त्यांच्या घरी आपानं आर्चाची, डोंगरातल्या त्या सुवासिक झाडाची, वाळकी डहाळी पेटवली आणि ‘अलास, अलास’ म्हणत कोपरान् कोपरा धुरानं भरून काढला. आम्ही नजर, आजार, वाईट वारं असंच घालवतो. त्या आठवड्यात बर्फ वितळलं, ऊन पडलं, भट्टी जेमतेम पेटली. तेमिरचं डोकं दुखायचं थांबलं. इकडे माझ्या खिडकीत कळ्या टिकल्या, एक तर उमललीसुद्धा. गल्लीभर बोभाटा झाला. खरं सांगते, मीही हादरले. कुंडी कासिमच्या पलंगापासून लांब, काचांनी बंद केलेल्या ओसरीत नेऊन ठेवली.

मग थंडी पुन्हा कडाडली. अंगणात गारठा म्हणून आमच्या शहाण्यानं चहाचं पाणी तापवायचा कोळशाचा सामोवार ओसरीतच पेटवला, चहा ढोसला, आणि तो तसाच धुमसत ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर कळ्या पिवळ्या.

“मेल्या, माझं फूल मारलंस!”

“म्हणजे आता ते मला पितंय ना?” कासिम दात काढत म्हणाला. “माझंही डोकं दुखत होतं काल.”

ते फूल कुणाला पीत नव्हतं. ते आणि तेमिर, दोघं एकच कोळशाची हवा पीत होते.

मी चपलाही न घालता धावले. त्यांचं स्वयंपाकघर अंगणापलीकडे आहे. तिथे आपा कणीक तिंबत होती, जिबेक बादली घासत होती.

“आपा, तेमिर कुठाय?”

“हळू गं! झोपलाय. किती दिवसांनी अशी गाढ झोप लागलीय, सकाळपासून कूससुद्धा बदलली नाही. आत्ताच डोकावले, गाल कसे लाललाल दिसतायत, लहानपणी दिसायचे तसे.”

“वरचं तावदान?”

“कालच फटीत कापूस कोंबून कागद चिकटवले. फूल गेलं, आता कुणासाठी उघडायचं?”

जिबेकच्या हातातून बादली पडली. तिला कळलं. आम्ही दोघी खोलीकडे धावलो. दार ढकललं, आतून उबेचा लोट आला, त्यात आर्चाचा वास. धूर नाही, कोळशाचा वास नाही, शंका यावी असं हवेत काहीच नव्हतं. मी स्टूल उचलून खिडकीवर हाणलं. काचा अंगणात पडल्या. जिबेक त्याला खांद्याला धरून हलवत होती. “तेमिर, ऊठ. ऊठ ना रे.” मी त्याचा हात धरला. गाल लाल होते आणि हात गार होता. बोटं वाकेनात.

आपा पिठाच्या हातांनी धावत आली.

“वेडी झालीस का, बुरुल? एवढ्या थंडीत खिडकी फोडलीस! गारठेल ना माझं पोर!”

जिबेक जमिनीवर बसली होती. आपानं आमच्या दोघींकडे पाहिलं, पण तेमिरकडे पाहिलं नाही. तिनं घाईघाईनं गोधडी ओढून त्याचे पाय झाकले. मग ती फुटक्या खिडकीकडे गेली, तिला पाठ लावली, दोन्ही हात पसरले आणि वारा अडवत तशीच उभी राहिली.