तेल चढत होतं

मित्रांनो, मी एक जुना वायुभारमापक आहे. एन्कहाउझेन या डच बंदरात मला नुसतं 'काच' म्हणत. ओकच्या फळीवर माझ्या दोन नळ्या आहेत. एकीत पारा, दुसरीत लाल तेल. हवा बिघडणार असली की पारा उतरतो आणि तेल वर चढतं.

मला बाउके यांनी घडवलं. ते निखाऱ्यावर नळी फिरवत पारा उकळत, आतली हवा पार निघून जाईपर्यंत. मग नळी हळूच कलती करत. पारा टोकाला 'टक्' असा खणखणीत वाजला तरच ती नळी पास. आवाज बद्द आला की पुन्हा निखारे. त्या वाफांनी त्यांचे हात कायमचे थरथरू लागले, पण बद्द वाजणारी नळी त्यांनी कधी विकली नाही. मला मात्र त्यांनी घरातच टांगलं.

थंडीतल्या एका स्वच्छ सकाळी त्यांची चिमुरडी फोक्ये आखातापलीकडे आजीकडे निघाली, नावाडी लुबर्टच्या होडीतून. निघताना बाउकेंनी माझ्याकडे पाहिलं. तेल चढलेलं होतं.

"शेगडी जवळ आहे ना, उबेनं फुगलंय," ते म्हणाले आणि पोरीला घेऊन समोरच्या धक्क्यावर गेले.

त्यांची बायको नेल्त्ये काही हलेना. तान्ह्यासाठी शेगडी तिनंच माझ्याजवळ सरकवली होती. तिनं मला अलगद उतरवलं. पारा हिंदकळून नळीत हवा शिरली असती, तर माझं बोलणंच खोटं ठरलं असतं. श्वास रोखून तिनं मला बाहेरच्या गार बोळात टांगलं आणि बघत उभी राहिली. गारठ्यात तेल उतरायला हवं होतं. ते थोडं थबकलं. मग पुन्हा चढू लागलं.

ती अनवाणीच धावली. बोळाचं धक्क्याकडचं दार उघडं होतं. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"लुबर्टभावजी, पोर उतरवा!"

"वहिनी, शिंकायचं झालं तरी काचेला विचारता का हो? वारा कुठाय?"

"अगं, शेगडीमुळे चढलंय ते," बाउके म्हणाले.

"गार बोळात टांगलंय मी. तरी चढतंय."

बाउकेंचा चेहरा उतरला. त्यांनी रडणाऱ्या फोक्येला उचलून खाली घेतलं आणि होडीचा दोर घट्ट धरला.

"सोड रे! सगळं बंदर हसेल मला."

"हसू देत. तू जायचं नाहीस."

दुपारपर्यंत पान हललं नाही. लुबर्ट आमच्या स्वयंपाकघरात, मला परत टांगलं होतं तिथंच, वाटाण्याचं सूप ओरपत टोमणे मारत होता. "काय वहिनी, वादळ जेवायला थांबलंय वाटतं?" नेल्त्ये फोक्येला घट्ट मिठीत धरून बसली होती. 'मी चुकले असेन तर?' हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

मग खिडकी एकाएकी काळवंडली. छपराची कौलं उडाली. धक्क्याला बांधलेल्या होडीची डोलकाठी कडाडून मोडली. लुबर्टनं चमचा खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"आई, दुखतंय," फोक्ये म्हणाली, तेव्हा कुठे नेल्त्येची मिठी सैल झाली.

त्यानंतर आखाताच्या दोन्ही काठांवरून लोक काचा घ्यायला बाउकेंकडे येऊ लागले. आता ती सगळी माणसं गेली. माझ्या फळीला वर्षातून एकदा मेण लागतं. पाहुणे छान म्हणतात. नळीतलं तेल मात्र हळूहळू आटलं, आणि ते कुणीच पुन्हा भरलं नाही. मित्रांनो, तेल खाली गेलं म्हणजे उघडीप. म्हणून बाहेर काहीही होवो, मी आता रोज उघडीपच दाखवतो. कुणीतरी तेल भरा हो. आणि तोवर माझ्याकडे बघून कुणाचं लेकरू पाण्यावर धाडू नका.