ललिताबाईंचा ‘हं’ आणि माझी वायर

मी एक जुनी वायपरची मोटर आहे, मित्रांनो, आणि सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, गाडीच्या पुढच्या आसनाखाली आहे. माझा जन्म १९५४ सालचा. तांब्याची बारीक तार एका गाभ्याभोवती शेकडो वेळा गुंडाळून, फिरत्या गाभ्याला वीज पोचवणारे दोन कार्बन आणि एक पितळी दातेरी चाक बसवून मला घडवले गेले. एका हिरव्या मोटारगाडीच्या काचेमागे मला बसवण्यात आले आणि सुती वेष्टनाच्या एका वायरीने मला वीज दिली. ती वायर माझी पहिली आणि जन्मभराची सोबतीण.

ही गाडी १९९१ साली नाशिकच्या यादवरावांनी घेतली. ते एका कारखान्याच्या टूलरूममधून नुकतेच निवृत्त झाले होते. दर दसऱ्याला ते मला उघडत, कार्बन तपासत, दातेरी चाकाला बोटभर ग्रीस लावत आणि शेवटी माझ्या झाकणावर झेंडूचे एक फूल ठेवत.

माझ्यात एक उणीव होती. बटण बंद केले, की मी त्याच क्षणी थांबत असे. त्यामुळे पाती काचेच्या मधोमध अडकून राहत. ती खालच्या काठावर थांबवायची, तर नेमक्या क्षणी बटण दाबावे लागे. हा क्षण यादवरावांच्या पत्नी ललिताबाई साधत असत. त्या शेजारी बसून पात्यांकडे पाहत आणि पाती काठाला आली, की म्हणत, “हं.” लगेच यादवरावांचे बोट बटणावर पडे. अकरा वर्षे आम्ही तिघांनी हे काम केले. त्या एका ‘हं’चा मला केवढा अभिमान होता, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

दर रविवारी आम्ही घोटीला जात असू. तिथे ललिताबाईंची थोरली बहीण कुसाबाई अंथरुणाला खिळलेली होती. ललिताबाईंचे गुडघे एस.टी.ची पायरी चढू देत नव्हते. म्हणजे ही गाडी चालली, तरच दोघी बहिणींची भेट होई. घोटीकडचा पाऊस साधा नसतो. तो काचेवर पडत नाही, काचेवर येऊन उभा राहतो. आणि मी तर एकाच संथ गतीने फिरणारी.

२००२ च्या जुलैत वाडीवऱ्ह्याजवळ एक सायकलवाला दूधविक्या अगदी समोर आला, तेव्हाच यादवरावांना दिसला. ब्रेक लागला, अनर्थ टळला.  ललिताबाई म्हणाल्या, “अहो, तो वाचला त्याच्या घंटीमुळे. आपल्या काचेमुळे नाही.”

“जुनी मोटर आहे गं ती.”

“मग जुन्या मोटरीला विश्रांती द्या. नाहीतर पावसाळाभर गाडी दारात राहील, आणि कुसाताई दाराकडे बघत राहील.”

दुसऱ्याच दिवशी गाडी कादरभाईंच्या गॅरेजमध्ये गेली. त्यांनी एका अलीकडच्या छोट्या गाडीची मोटर आणली. ॲल्युमिनियमचे चकचकीत अंग, दोन गती, आवाज जवळपास नाहीच. आणि बटण केव्हाही बंद करा, ही आपली पाती काठापर्यंत नेऊनच थांबणार. कादरभाई कौतुकाने म्हणाले, “साहेब, आता भाभींना ‘हं’ बोलायची गरज नाय. ही सोताच बोलते.”

मित्रांनो, तो शब्द मला कार्बनपर्यंत झोंबला.

पुढे कादरभाईंनी माझी वायर बोटांत धरून वाकवली. “पण ही वायर बदलू द्या. पापड झालाय तिचा. नव्या मोटरला करंट लय लागतो.”

“ती राहू दे,” यादवराव म्हणाले. “मूळ वायर आहे गाडीची. सुती वेष्टनाची वायर आता शोधून तरी मिळेल का? मोटर बदलतोय, तेवढे पुरे.”

“बाहेरून कोण बघतंय वायर?”

“मी बघतो.”

यादवरावांसारखा हिशेबी कारागीर इथेच चुकला. दिसणारी प्रत्येक वस्तू मूळची असावी, या हौसेपायी तारेची जाडी मोजायचे राहून गेले.

आम्ही दोघी मोटरी तेव्हा एकाच गोणपाटावर पडलो होतो. नवीने मला नम्रपणे विचारले, “ताई, ती वायर कशी आहे?”

मला उत्तर पक्के ठाऊक होते. मी जेमतेम तीन अँपिअर घेत असे. ही सुरू होतानाच त्याच्या तिप्पट ओढणार. आमच्या काळच्या त्या वायरीला स्वतंत्र फ्यूजही नव्हता. मी खरे सांगितले असते, तर ती पहिल्या चाचणीलाच अडून बसली असती आणि कादरभाईंनी वायर बदललीच असती. पण मी म्हणाले, “उत्तम आहे. मी अठ्ठेचाळीस वर्षे तिच्यावरच काढली.”

यात एकही शब्द खोटा नव्हता. हेच त्यातले पाप होते.

मला टाकून देणे यादवरावांच्या जिवावर आले. त्यांनी मला डब्यात ठेवले; म्हणाले, वेळ पडली तर असावी. तेव्हापासून आसनाखालून मी नवीची स्तुती ऐकत राहिले. “काच किती लख्ख दिसते!” “पाती कशी अलगद टेकतात!” ललिताबाई खिडकीबाहेर बघू लागल्या होत्या. माझ्या सोबतिणीच्या अंगावरून रोज ती परकी वीज वाहत होती, आणि मी त्या दिवसाची वाट पाहत होते, ज्या दिवशी नवी हरेल.

तो दिवस ऑगस्टमध्ये आला. रविवारची सकाळ. मागे कुसाबाईंसाठी लासलगावच्या कांद्यांची पिशवी होती. मुंढेगावच्या अलीकडे पाऊस इतका वाढला, की यादवरावांनी दुसरी गती लावली. थोड्याच वेळात जळक्या चिंधीचा वास आला. डॅशखालून धूर निघाला, पाती थांबली आणि काच पांढरी झाली. पुढे रस्त्यातच एक ट्रक बंद पडून उभा होता, मागचा दिवा नसलेला.  ललिताबाईंनी यादवरावांचा दंड धरला. गाडी थांबली तेव्हा ट्रक आणि आमच्यामध्ये हातभर अंतर होते.

यादवरावांनी बॅटरीची तार सोडवली, गाडी ढकलून कडेला घेतली आणि माझा डबा उघडला. मित्रांनो, ती घटका मी किती दिवस मनात रंगवली होती! त्यांनी मला हातात घेतले, डॅशखाली डोकावले आणि तसेच थांबले. तिथे वायर नव्हती. सुती वेष्टनाची काळी राख होती आणि तांब्याचे चार बोटे टोक लोंबत होते. मला आता पुन्हा बसवताच येणार नव्हते. नवी मोटर धडधाकट होती. जळली होती ती माझी सोबतीण.

“कादर सांगत होता,” यादवराव हळूच म्हणाले. “मीच ऐकले नाही.”

“ते नंतर. चाकू आहे का?” ललिताबाईंनी एक कांदा काढला, मधोमध कापला आणि भर पावसात काचेवर घासू लागल्या. “ट्रकवाले असेच करतात. पाणी ओघळून जाते.”

“तुझ्या डोळ्यांतून जातंय ते पाणी.”

“मग आणा इकडे डोळे, तुम्हीच घासा.”

जळके टोक वेगळे करून यादवरावांनी बॅटरी पुन्हा जोडली, आणि त्या एका कांद्यावर आम्ही माणसाच्या चालीने घोटीला पोचलो. कुसाबाईंनी बहिणीचा हात नाकाशी धरून विचारले, “भजी करून आलीस काय गं?”

पुढच्या आठवड्यात कादरभाईंनी नवी जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज बसवला. ते एकदाही “मी बोललो होतो” असे म्हणाले नाहीत. जुन्या वायरीचे ते चार बोटे टोक यादवरावांनी माझ्या डब्यात ठेवले. डबा आसनाखाली जाण्यापूर्वी मी नवीला सारे सांगितले. 

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा. त्यांना तेल द्या, पुसा, फूल ठेवा. पण जुन्याच्या जागी नवे आणाल, तेव्हा त्याला पुरेल अशी वायरही द्या. आणि तुमची जागा उद्या कोणी घेतली, तर तिथे काय कच्चे आहे, ते त्याला विचारताक्षणी सांगा. माझा मत्सर पुरता गेला, असे मी म्हणणार नाही. मी जुनी असले, तरी खोटी राहू इच्छित नाही.

परवा घोटीहून परतताना पाऊस थांबला. ललिताबाई सवयीने म्हणाल्या, “हं.” यादवरावांनी बटण दाबले. पात्यांची चाहूल मी आसनाखालूनही ओळखते. ती अजून काचेच्या मध्यावरच होती. ललिताबाईंचा अंदाज वयाने चुकला होता. माझ्या काळी पाती तिथेच अडकली असती. नवीने ती निमूटपणे पुढे नेली आणि काठावर अलगद टेकवली.

“बघा,” ललिताबाई म्हणाल्या, “अजून चुकत नाही माझे.”

नवी गप्प राहिली. मीही.