आठ आण्याएवढं कपाळ

मित्रांनो, घाटकोपरला भटवाडीच्या चढावर अण्णांचा फोटो स्टुडिओ आहे. आत शिरलात की डाव्या हाताला एक जाडजूड राखाडी धूड दिसेल. वर कुणीतरी हेल्मेट ठेवलेलं असेल, शेजारी पाण्याची बाटली. तो मी, अण्णांचा जुना फोटो प्रिंटर. वय सोळा, म्हणजे आमच्या जातीत पणजोबाच.

मला आणलं तेव्हा अण्णांनी नुकतीच डार्करूम बंद केली होती. चाळीस वर्षं लाल दिव्याखाली फोटो धुतलेला माणूस. मी काळा-पांढरा फोटो काय कपाळ छापणार, असं त्यांना वाटायचं. पण माझ्या पोटात एक काळी आणि दोन राखाडी शाया होत्या, तिन्ही काजळीच्या बारीक कणांच्या. पहिला फोटो बाहेर आला तेव्हा अण्णांनी तो भिंगाखाली धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बरा आहे." अण्णांच्या तोंडून एवढं ऐकलं की माणसाने जेवून झोपावं.

अण्णांची एक पद्धत होती. नवी शाई आली की ते माझ्याकडून फोटोची एक पट्टी छापून घेत, तिचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकत, मागे तारीख लिहीत आणि पश्चिमेच्या काचेला चिकटवत. पट्टी तिथे सहा महिने उन्हात तळायची. मग पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे शेजारी-शेजारी बघायचे. फरक दिसला की ती शाई दुकानातून बाद. गिऱ्हाइकं चिडवायची, "अण्णा, फोटो छापताय की पापड वाळवताय?" अण्णा हसायचे नाहीत. म्हणायचे, "माझ्याकडे निम्मे फोटो गेलेल्या माणसांचे येतात. ती काही पुन्हा फोटो काढून घ्यायला येणार नाहीत."

अशी बरीच वर्षं मजेत गेली. मग एका वर्षी गणपतीला गावी गेलेले अण्णा तिथेच तापाने आडवे झाले आणि दुकान त्यांच्या मुलाच्या, सुयोगच्या हातात आलं. सुयोग मनाने वाईट नाही, पण त्याला घाई फार. पितृपक्ष लागलेला, तिथीच्या आत फ्रेम हवी म्हणून लोक दारात उभे, आणि माझी काजळीची शाई संपलेली. नवी यायला आठ दिवस लागणार होते. दुकानात एका स्वस्त शाईचा नमुना होता. तिची पट्टी काचेवर लागून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. सुयोगने पुठ्ठा उचलून पाहिला. दोन्ही अर्धे सारखे.

"झकास आहे की," असं म्हणून त्याने ती माझ्यात ओतली.

मित्रांनो, मला तेव्हाच कळलं. ती पाण्यात रंग विरघळवलेली शाई होती, तिच्यात काजळीचा कण नव्हता. तिचा राखाडी रंग निळा, लाल, पिवळा मिसळून बनवलेला. पण मला कुठे बोलता येतं? मला फार तर लाल दिवा लावता येतो. तो मी लावला. सुयोगने बटण दाबून तो बंद केला.

त्याच दुपारी वनमालाबाई आल्या. साठीच्या पुढच्या, मालवणकडच्या. पदराच्या टोकाला बांधलेला एवढासा फोटो त्यांनी टेबलावर ठेवला. त्यांचे यजमान सहदेव गिरणीत होते, तिथल्या पासावरचा फोटो. एका खांद्यावर गिरणीचा गोल शिक्का, मधोमध घडी.

"ह्योच येक फोटो आसा हेंचो," त्या म्हणाल्या. "लग्नाचे गावाक ट्रंकेत होते, वाळवीन खाल्ले. माझ्या देवेशान बापूस बघूकच नाय. सा म्हयन्यांचो होतो तो."

सुयोगने फोटो स्कॅन केला, घडी पुसली, शिक्का पुसला आणि मी तो मोठा छापला. खोटं कशाला बोलू, काजळीच्या शाईपेक्षाही तो त्या दिवशी उठून दिसला. काळा कसा गडद, डोळे कसे जिवंत. वनमालाबाईंनी फोटो हातभर लांब धरून पाहिला. मग म्हणाल्या, "आता बोलतले असा वाटता." एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि माझ्या मेल्याच्या मनात धाकधूक.

महिन्याभराने अण्णा परतले. त्यांनी ती पट्टी पाहिली आणि शाई फेकून दिली. पण तोवर फोटो घरोघरी गेले होते. कुणाकुणाचे, ते सुयोगला आठवेना. नोंद ठेवायची त्याला सवय नव्हती.

तीन वर्षांनी, पुन्हा पितृपक्षात, वनमालाबाई आल्या. सोबत पस्तिशीचा देवेश, त्याच्या हातात साडीत गुंडाळलेली फ्रेम. अण्णांनी साडी सोडली. आत सहदेव नव्हते. फिकट तांबूस कागद होता. निळा रंग उडालेला, डोळ्यांच्या जागी दोन डाग, तोंड तर गेलंच होतं. अण्णांनी काच काढली. फ्रेमच्या पट्टीखाली दडलेली कोटाची कड तेवढी काळी राहिली होती. आणि कपाळावर आठ आण्याएवढा एक गोल, तोही जसाच्या तसा.

"काचेवर गंध लावायचात?" अण्णांनी विचारलं.

"रोज आंघोळ झाली की. त्याच जागेर."

जिथे त्यांचं बोट पडलं, तिथे ऊन पडलं नव्हतं. तेवढाच नवरा त्यांनी राखला होता.

"तो पासावरचा फोटो द्या," अण्णा म्हणाले. "आत्ता पुन्हा करून देतो."

वनमालाबाईंकडे तो आता नव्हता. नवी फ्रेम लागल्यावर शेजारणीने सांगितलं होतं, गेलेल्या माणसाचा फाटका फोटो घरात ठेवू नये. त्यांनी तो निर्माल्याबरोबर खाडीत सोडला होता. हळद-कुंकू वाहून, नमस्कार करून. अण्णांनी सुयोगकडे पाहिलं. सुयोगने स्कॅन केलेली फाईल जागा होत नाही म्हणून केव्हाच उडवली होती.

"वाट लागली," तो पुटपुटला. मग त्याने मोबाईल काढला. कपाळ, कोट, ते दोन डाग, सगळं एका ॲपमध्ये घातलं आणि मिनिटभरात चेहरा तयार. सरळ नाक, रेखीव ओठ, किंचित हसू.

वनमालाबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "नाक हेंचा नाय. ओठ हेंचे नाय. हो माणूस कोण, माका म्हायत नाय."

"आई, मला तर छान वाटतात," देवेश हळूच म्हणाला. "मी कुठे पाहिलंय त्यांना?"

बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग अण्णांना म्हणाल्या, "दिया छापून. उद्या म्हाळ आसा. श्राद्धाक भिंत रिकामी नको."

अण्णांनी माझ्यात काजळीची शाई भरली. आयुष्यात प्रथमच मला वाटलं, आपण अडकावं, कागद चावावा, काहीही करावं. पण मी तो फोटो स्वच्छ छापला. छापायचं सोडून मला दुसरं काय येतं?

मित्रांनो, तुमच्या घरात असा एवढासा फोटो असेल, फाटका, डाग पडलेला, तर नवी फ्रेम आली म्हणून त्याला पाण्यात सोडू नका. पाकिटात घालून, उन्हापासून लांब ठेवा. आणि छापणाऱ्याला खडसावून विचारा, शाई कुठली घातलीस आणि तिला ऊन किती दिवस दाखवलंस? लाजू नका. वनमालाबाईंनी विचारलं नाही, कारण फोटो इतका सुंदर आला होता.

देवेशने तो फोटो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि "बाबा" म्हणाला. त्याची आई दाराकडे तोंड करून उभी होती. शाई चांगली आहे. तो चेहरा आता शंभर वर्षं हलत नाही.