डाव्या हाताचे ठोके

मी एक जुने तारयंत्र आहे. पितळेची कळ, लोखंडी जीभ आणि लाकडी पाट, एवढाच माझा जीव. सध्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, फुटक्या सूक्ष्मदर्शकाशेजारी बसून असते. मुले कळ दाबून पाहतात आणि "हे वाजत नाही" म्हणून निघून जातात. वाजत होते हो मी, मित्रांनो! इतके, की आमच्या तारमास्तरांच्या बायकोने मला सवत म्हणायचे तेवढे बाकी ठेवले होते.

कारखान्यातून मी थेट तारघरात आले. मास्तर कळ दाबत, छोटा ठोका, लांब ठोका, आणि ते ठोके तारेवरून डोंगरापलीकडच्या ठाण्यात पोचत. तिकडून आलेले ठोके मी कटकट करून ऐकवत असे आणि मास्तर त्यांची अक्षरे लिहून काढत. पलीकडच्या मास्तरांना त्यांनी वीस वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. तरी ओळख पक्की होती, कारण ठोके देण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते. पलीकडचे फार घाई करत, शेवटचा ठोका तर गिळूनच टाकत. आमचे मास्तर त्यांना घाईसाहेब म्हणत.

तारेवर खासगी बोलायला मात्र सक्त मनाई होती. "आज भाजी कोणती?" असे विचारल्याबद्दल मास्तरांना एकदा लेखी ताकीद मिळाली होती. पुन्हा सापडलात तर नोकरी जाईल, असे तारघराच्या साहेबांनी बजावले होते.

एका सकाळी पलीकडून बाजारभाव येऊ लागले. चार शब्द लिहून मास्तरांची पेन्सिल थांबली.

"घाईसाहेबांना आज काय झालंय?"

टपाल वाटायला निघालेला पोस्टमन हसला. "बदली माणूस आला असेल."

"छे! शेवटचा ठोका गिळलाय, म्हणजे तेच. पण ठोके अडखळतायत, आज डाव्या हातानं देतायत. उजव्याला काय झालं?"

"कापलं असेल बोट. साहेब आत बसलेत, उगाच विचारत बसू नका."

मास्तरांनी दाराकडे पाहिले आणि विचारलेच, "तब्येत?" उत्तर आले, "आधी भाव घ्या." ठोके घसरत होते, तरी भाव पूर्ण आले. मग तार गप्प झाली. मास्तरांनी तीनदा हाक दिली. उत्तर नाही. मला तर धडकीच भरली. मास्तरांनी घाईसाहेबांच्या जवळच्या मोठ्या ठाण्याला तार ठोकली: त्यांच्याकडे ताबडतोब डॉक्टर पाठवा.

साहेब बाहेर आले. "कोणाला विचारून केलंत हे?"

"माझ्या जबाबदारीवर केलं, साहेब. चुकलो असेन तर नोकरी घ्या."

दुपारी निरोप आला. घाईसाहेब टेबलावर डोके टेकून पडलेले सापडले होते, उजवी बाजू लुळी पडली होती. ठाण्यात ते एकटेच होते. दिवसभर तिकडे कोणी फिरकलेही नसते. ते वाचले. मास्तरांची नोकरी टिकली, पण दुसरी ताकीद काही चुकली नाही. ती त्यांनी घडी करून माझ्या डुगडुगत्या पाटाखाली सारली.

पुढे तारघरात टेलिफोन आला. मास्तरांनी पहिला फोन घाईसाहेबांना लावला. एकमेकांचा आवाज ऐकून दोघेही बावरले आणि परक्यासारखे "आपण कसे आहात?" करत बसले. शेवटी मास्तरांनी रिसीव्हरवर नखाने टकटक केली. तिकडूनही टकटक आली, डाव्या हाताची. मास्तरांचे डोळे भरून आले. माझी जागा गेली त्याच दिवशी, पण मला वाईट वाटले नाही.

आता तो टेलिफोनही माझ्याच फळीवर धूळ खातो आहे. तुमच्या खिशातला फोन चेहरा, आवाज, सारे क्षणात पोचवतो. त्याचा मला हेवा नाही. मला पॉलिशही नको. मित्रांनो, एकच करा. लांब राहणारे तुमचे कोणी "मी बरा आहे" असे लिहील, तेव्हा ते नेहमीसारखे लिहिले आहे का, ते बघा. नसेल, तर विचारा. ते रागावतील, विषय बदलतील. तरी विचारा.