पालकाची जुडी

प्रणिता देशमाने नदीचं पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत होत्या आणि अन्न टाकून देणं त्यांच्या जिवावर यायचं. या दोन गोष्टींचं एकमेकींशी कधी वाकडं येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

नमुने घ्यायला त्या दर महिन्याला दिल्लीत मयूर विहारजवळ यमुनेच्या काठी जात. बाटल्या भरून झाल्या, की तिथे भाजी पिकवणारी म्हातारी पालकाची ताजी जुडी त्यांच्या हातात कोंबायची. नको म्हटलं तर रुसायची. त्या पाण्यात किरणोत्सार कधी धोक्याइतका निघाला नाही, पण शिसं मात्र दर वेळी मर्यादेच्या वर निघायचं, आणि तेच पाणी त्या पालकाला जायचं. म्हणजे स्वतःच्या कढईत ती जुडी पडणं शक्यच नव्हतं. कचऱ्यात टाकायला हात धजेना. मग प्रणिताताईंनी झकास तोड काढली. सोसायटीच्या गेटवर रामसजीवन नावाचा गार्ड होता. "लो भैया, जमुना किनारे का है, एकदम ताज़ा," म्हणत त्या जुडी त्याला देऊन टाकायच्या. तो हात जोडायचा आणि बाईसाहेब पुण्य पदरात घेऊन लिफ्टमध्ये शिरायच्या. असं वर्षभर चाललं होतं.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात रामसजीवन, हातात स्टीलचा डबा.

"मॅडम, घरवाली ने भेजा है. सातवाँ महीना चल रहा है. डॉक्टर बोले ख़ून कम है, साग खिलाओ. आपकी वाली पालक मैं उसी को खिलाता हूँ. आज बोली, पहले मॅडम चखेंगी."

त्याने झाकण काढलं. लसणाच्या फोडणीचा वास घरभर गेला. आतून कादंबरी, त्यांची मुलगी, धावत आली.

"यार आई, काय मस्त वास येतोय!" म्हणत तिने डब्यात बोट घातलं.

प्रणिताताईंनी तिच्या हातावर फटका मारला. "नको! तोंडात घालू नकोस ते!"

ओरडल्या मराठीत, पण रामसजीवनला सगळं समजलं. त्याने डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मॅडम, आप तो नदी का पानी ही जाँचती हैं ना?"

प्रणिताताईंना मान वर करता येईना. "उसे मत खिलाना," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या. "डॉक्टर को बता देना, पालक में सीसा था."

त्याने झाकण लावलं आणि तो जिना उतरू लागला. दोन पायऱ्यांवर थांबून त्याने फोन लावला.

"सुन, वो साग मत खाना. फेंक दे... अरे नहीं, मॅडम को तो बहुत पसंद आया. ग़लती मेरी है, मैं ही ख़राब पालक ले आया था."

कादंबरी आईकडे बघत होती. प्रणिताताईंना ते दार लावायचीसुद्धा लाज वाटली.