मामांनी निवडलेले घड

साधनाच्या एम.एस्सी.चा सगळा भार शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पावर होता, आणि प्रकल्पाचा सगळा भार चिमाजीमामांच्या निफाडच्या द्राक्षबागेवर. विषय बहुचल संख्याशास्त्राचा. एकेका घडाची पाच मापं घ्यायची, म्हणजे वजन, मण्यांची संख्या, मण्याची जाडी, साखर आणि देठाची लांबी, आणि ती एकमेकांबरोबर कशी कमी-जास्त होतात ते शोधायचं. ऐकायला सोपं. त्यामागच्या गणितावर तिने दोन वर्षं डोकं फोडून घेतलं होतं आणि, खोटं कशाला बोला, तिला त्याची गोडीही लागली होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत तिने मामांना निरोप धाडला, ‘कोणतेही शंभर घड काढून ठेवा.’ मामांनी ठेवले. अंबूबाई मामीने क्रेटात कागद अंथरून ते असे मांडले होते की उचलायला जीव होऊ नये. साधनाने दोन दिवस बसून मापं घेतली आणि कॉलेजातल्या एकुलत्या एका धड कॉम्प्युटरवर भरली. जे उत्तर आलं ते पाहून प्रकल्पाचे मार्गदर्शक देवरे सरांनी चष्मा काढला.

“पाच मापांचा एकमेकांशी काही संबंधच नाही? घड निवडले कोणी?”

“मामांनी.”

बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. मामा भाचीच्या हातात हलका घड देतील होय? त्यांनी बाग पालथी घालून एका मापाचे, एका गोडीचे शंभर घड वेचले होते. सगळेच सारखे म्हटल्यावर गणिताला धरायला फरकच उरला नव्हता.

“नवा नमुना आणा, नाहीतर प्रकल्प पुढच्या वर्षी,” सर म्हणाले. रागावून नाही, बसची वेळ सांगावी तसे.

तो बुधवार होता. शुक्रवारी व्यापाऱ्याची माणसं येऊन बाग तोडून नेणार होती.

गुरुवारी पहिल्या एस.टी.ने ती निफाडला पोचली. हातात यादृच्छिक आकड्यांचा तक्ता होता. एका आकड्याने वेल ठरायची, दुसऱ्याने तिच्यावरचा घड, आपली आवड मध्ये आणायची नाही.

“मामा, आज घड मी काढणार.”

“काढ की. बाग तुझीच हाय.”

पहिले आठ घड ठीक निघाले. नववा अर्धा कच्चा होता आणि खालचे मणी तडकलेले. मामांनी हात आडवा घातला.

“हा नको. शेजारचा घे, लय बेस हाय.”

“शेजारचा चालत नाही, मामा.”

“अगं, पण यात बघण्यासारखं काय हाय?”

“तेच बघायचंय.”

मामांनी हात मागे घेतला. दर दहा-बारा घडांमागे असा एखादा निघायचा आणि मामा मान वळवून दुसरीकडे बघायचे. मामी पुटपुटली, “असला तर आम्ही यापाऱ्यालाबी दावत नाय.” साधनाला वाईट वाटत होतं, पण तिचा हात थांबला नाही. दिवस मावळायच्या आत शंभर पुरे झाले.

स्टँडवर मामा एवढंच म्हणाले, “तुझ्या त्या प्रकल्पाच्या वहीत माझं नाव घालू नको.”

तिने नाही घातलं.

या वेळी गणित बोललं. घड भरला की साखर कशी मागे पडते ते स्वच्छ दिसलं. सरांनी पाठ थोपटली आणि जूनमध्ये साधना पहिल्या वर्गात पास झाली.

मामा पेढे घेऊन नाशिक रोडला तिच्या घरी आले. प्रकल्पाची वही इंग्रजीत, म्हणून त्यांनी पानं नुसतीच उलटली. ठिपक्यांच्या एका आलेखावर थांबले.

“हे काय?”

“एक ठिपका म्हणजे एक घड.”

मामांनी ठिपक्यांवरून सावकाश बोट फिरवलं. “मग मी निवडलेले कुठले?”

साधनाला क्षणभर वाटलं, वरच्या कोपऱ्यातले दाखवून मोकळं व्हावं. दोन वर्षं शिकलेलं आड आलं.

“ते यात नाहीत, मामा. ते घेता आले नाहीत.”

“एकबी नाय?”

“नाही.”

मामांनी वही मिटली आणि तिच्या मांडीवर ठेवली. “तीन दिवस फिरलो होतो गं त्यापायी,” ते म्हणाले.