सैल चाक

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. कासारवाडीत रेल्वेरुळांच्या अलीकडे पत्र्याची एक शेड आहे, तिथे मी उभी असते. आगगाडी गेली की वरचे पत्रे थरथरतात. माझ्याभोवती दुसऱ्या जीपगाड्यांचे अवयव टांगलेले आहेत. बॉनेट, दिवे, एक स्टिअरिंग, पाण्याचे लष्करी कॅन. ते जमवणारा माणूस आता नाही. त्याने मला किती जपले ते सांगते, आणि एवढे जपूनही काय राहून गेले, तेही.

१९६२ साली माझी बांधणी झाली. त्या वर्षी सगळ्यांना घाई होती. रंग नीट वाळायच्या आत मला डोंगरांत पाठवले. इंजिन गोठू नये म्हणून जवान रात्री माझ्या पोटाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत आणि स्वतः कुडकुडत. पुढे माझे वय झाले. अंगावर निकामी ठरल्याची पांढरी फुली पडली, लिलाव झाला आणि मी चिंचवडच्या एका भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडले. तिथे शेजारच्या गाड्या एकेक करून कापल्या जात होत्या. ठिणग्या माझ्या टपापर्यंत उडत.

तिथे मला ज्ञानदेवाने पाहिले. तो कंपनीत फिटर होता. पहिली शिफ्ट सुटली की सायकलवरून भंगाराची आवारे धुंडाळायचा. जुन्या जीपगाड्यांचे त्याला वेड होते. सोबत त्याचा मित्र मालोजी असे.

"राव, हा सांगाडा घरी नेलास तर वहिनी दारात उभं करणार न्हाईत," मालोजी म्हणाला.

"म्हैस आणलीया म्हणून सांगू."

"आन् दूध रं?"

"ते तू घाल रोज."

ज्ञानदेवाची बायको दुर्गाबाई दारात आली. तिने भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला. मुलगी कस्तुरा रॉकेलच्या चिंधीने माझे दिवे पुसू लागली. तिची शाळा संपली, कॉलेज सुरू झाले, तरी ते काम तिने दुसऱ्याला दिले नाही. ज्ञानदेव मात्र माझ्यासाठी तळेगावपासून मंचरपर्यंत हिंडला. आरसा हवा तर माझ्याच काळातला, बोल्ट हवा तर माझ्याच जातीचा. मी पुन्हा रस्त्यावर आले तेव्हा लोक थांबून बघायचे.

मग ती खंडेनवमी आली.

चाकणला एका कांद्याच्या वखारीमागे माझ्याच वयाची एक जीप सडते आहे, असे ज्ञानदेवाला कळले होते. मालकाने सांगितले होते, दसऱ्याच्या मुहूर्तावर न्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा ट्रक येणार. ज्ञानदेवाला रात्रंदिवस तीच दिसत होती. नवमीच्या दुपारी त्याने माझे पुढचे डावे चाक काढून आतला ब्रेकचा ड्रम बदलला. चाक परत चढवले. नट हाताने फिरवून बसवले. आता फक्त पान्याने आवळायचे राहिले होते.

घरातून दुर्गाबाईची हाक आली. "अहो, पाने द्या ना आणून! पूजा खोळंबलीय."

त्या घरात एकदा पूजेला मांडलेले हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी उचलत नसे. ज्ञानदेवाने जॅक काढला, सगळे पाने गोळा केले. "सकाळी पाना उचलला की आधी हे," तो स्वतःशीच पुटपुटला. ते ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हते.

संध्याकाळी कस्तुराने चारही चाकांना झेंडूच्या माळा बांधल्या. नट फुलांखाली गेले. मित्रांनो, दोष माळेचा नव्हता. ज्याच्यावर जीव असतो त्याला सजवायचे, एवढेच तिला ठाऊक होते.

सकाळी मालोजी केळीचे खुंट घेऊन आला आणि त्याने ते माझ्या बंपरला बांधले. पूजा उतरली. ज्ञानदेवाने पाना कपाळाला लावला. तो माझ्याकडे वळला, तेवढ्यात गल्लीतली माणसे आपट्याची पाने द्यायला आली. हातांत हात, गळाभेटी, चहा.

"चल की राव," मालोजी ओरडला, "तो भंगारवाला आपल्याआधी सोनं लुटंल!"

पाना सीटखालच्या पिशवीत गेला. आम्ही निघालो.

भोसरी मागे पडली आणि माझ्या डाव्या चाकात ठोका सुरू झाला. ठक्. ठक्.

"काय वाजतंय रं?" मालोजीने विचारले.

"तुझा केळीचा खुंट. धड बांधता येत न्हाई तुला."

"थांबव, घट्ट करतो."

"सीमोल्लंघनाला निघाल्यावर मधी थांबत्यात व्हय? नदी ओलांडू, मग बघू."

मी ओरडू शकत नाही. आमच्यासारख्यांना ठोक्यापलीकडे भाषा नसते. मी तो ठोका जितका मोठा करता येईल तितका केला. ज्ञानदेवाने हसून वेग वाढवला.

मोशीचा उतार लागला. खाली इंद्रायणीचा पूल दिसत होता. पहिला नट रस्त्यावर पडला, मग दुसरा. मग माझे चाक माझ्याच पुढे धावत गेले, फुलांसकट. ज्ञानदेवाने शेवटपर्यंत स्टिअरिंग सोडले नाही. मालोजी बाहेर फेकला गेला, तो वाचला. ज्ञानदेव वाचला नाही.

मला परत शेडमध्ये आणले. कोणी अंगावर हात ठेवत नव्हते. कित्येक पावसाळे पाणी पत्र्यातून माझ्यावर गळत राहिले आणि गंजाने आतून खायला सुरुवात केली. दुर्गाबाई शेडकडे पाहायचीच नाही.

या महिन्यात चिंचवडचे हिंदुराव आले. जुन्या गाड्या जमवण्याची त्यांनाही हौस आहे. त्यांनी मला हौसेने विकत घेतले. त्यांच्या मिस्त्रीने मोडतोड नीट केली, नवा रंग दिला, बॅटरी बसवली. मी पहिल्याच फटक्यात सुरू झाले. आज सकाळी ते न्यायला आले. चावी कस्तुराच्या हातात होती.

"द्या ताई, शुभ वेळ आहे."

"ब्रेक कोणी पाहिले?"

"अहो, इथून चिंचवडपर्यंत तर जायचंय."

"ब्रेक कोणी पाहिले?"

हिंदुरावांनी मिस्त्रीकडे पाहिले. मिस्त्रीने जमिनीकडे. कस्तुरा माझ्या पायरीवर बसली. "मला घाई नाही," ती म्हणाली.

शेवटी हिंदुराव स्वतःच पांढऱ्या शर्टानिशी माझ्याखाली सरपटत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांची बोटे तेलाने ओली होती. ब्रेकची नळी गंजून फुटली होती.

कस्तुराने चावी मुठीत घट्ट धरली आणि ती घरात निघून गेली.

मित्रांनो, आम्हाला रंगवा, ओवाळा, मिरवा. आम्हाला ते आवडते. पण आधी आमच्या खाली वाकून पाहा.